नदी नेमकी कुठली? दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासी भाषांच्या जुन्या नोंदींमधल्या नद्या कशा शोधायच्या

हे नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी लिहितोय. म्हणजे ॲमेझॉनकडच्या आदिवासी भाषांबद्दल काहीतरी वाचायचं म्हणून जुन्या पुस्तकाची पीडीएफ उघडली, आणि त्यात एका भाषेबद्दल एवढंच सापडलं की अमुक नदीच्या काठी बोलत होते, आता कोणी उरलं नाही. आता ती नदी नकाशावर शोधायला गेलात तर एकतर सापडत नाही, नाहीतर सातआठ सापडतात, आणि दुसरा प्रकार जास्त वाईट कारण त्यात आपल्याला वाटतं की सापडली.

माझंच सांगतो. माकुराप नावाच्या भाषेची नोंद होती, नदी रिओ ब्रांको. मी मॅपवर टाकलं, उत्तरेला रोराइमा राज्यात भलीमोठी रिओ ब्रांको दिसली, पिन टोचली आणि खूश. मग दोन संध्याकाळी शेजारच्या भाषा भरत बसलो तर काही जुळेचना, माकुरापच्या शेजारी तुपारी यायला हवी होती आणि माझ्या पिनच्या आजूबाजूला सगळे वापिशाना नि माकुशी. शेवटी कळलं की रोन्दोनिया राज्यात एक छोटी रिओ ब्रांको आहे, ती ग्वापोरे नदीला मिळते, आणि माकुराप तिथले. म्हणजे मी हजार किलोमीटरपेक्षा जास्त चुकलो होतो. त्यात आक्रे राज्याच्या राजधानीचं नावही रिओ ब्रांकोच. रिओ म्हणजे नदी, ब्रांको म्हणजे पांढरी, आता पांढरट पाण्याची नदी एवढ्या मोठ्या देशात एकच असेल का? आपल्याकडे पूर्णा म्हटलं की तापीला मिळणारी की गोदावरीला मिळणारी हे विचारावं लागतं, मुळा म्हटलं की पुण्यातली की प्रवरेला मिळणारी, तसंच हे.

त्यामुळे एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: नदीचं नाव काय हे नंतर, आधी ती कुणाला मिळते ते शोधा. नाव बदलतं, स्पेलिंग बदलतं, देश बदलला की तर सगळंच बदलतं, पण संगम सहसा जागचा हलत नाही.

कुणी म्हणेल एवढी मारामारी कशाला, भाषेचं नाव आहे ना हातात. अहो तेच तर नाहीये! जमातींची बरीच नावं बाहेरच्यांनी ठेवलेली आहेत, पिसं बघून, केस बघून, कधी नुसती शिवी म्हणून. आरारा हे पोर्तुगीजमध्ये मकाव पोपटाचं नाव, आणि आरारा म्हणवले जाणारे किमान तीन वेगळे लोक आहेत: शिंगू खोऱ्यातले कारिब कुळातली भाषा बोलतात, रोन्दोनियातले तुपी कुळातली, आणि झुरुआच्या वरच्या भागातले पानो कुळातली. तिन्ही भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही. गाव्हियाओ म्हणजे ससाणा, त्याही नावाचे एक तुपीवाले रोन्दोनियात आणि दुसरे झे कुळातले तोकान्तिन्सच्या बाजूला. आपियाका एक तापाझोसवरचे, एक तोकान्तिन्सवरचे, भाषा वेगळ्या. माकू तर विचारूच नका, ते नाव अर्ध्या वायव्य ॲमेझॉनला चिकटवलंय. अशा वेळी नोंदीत खरा पत्ता असतो तो नदीचाच.

आता कामाला लागू.

पहिलं काम म्हणजे वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. सुधारून नाही. तुम्हाला वाटलं की हे स्पेलिंग चुकलंय तरी तसंच ठेवा, कारण ती चूकच पुढे पत्ता सांगते. एका शीटमध्ये कॉलम करा: मूळ वाक्य, नदीचं नाव जसं छापलंय तसं, कुणाची उपनदी, कुठला काठ, कुठलं राज्य किंवा प्रांत, लेखक, त्याची मातृभाषा, आणि साल. साल म्हणजे पुस्तक छापल्याचं नाही, माणूस तिथे गेला त्याचं. हे दोन्ही नेहमी वेगळं असतं. चेक विद्वान चेस्तमीर लोउकोत्का यांचं दक्षिण अमेरिकेच्या भाषांचं मोठं वर्गीकरण 1968 साली लॉस एंजेलिसहून आलं, तोपर्यंत ते जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्यात हजारावर भाषांना प्रत्येकी एकदोन ओळीत नदीचा पत्ता दिलाय. पण ती माहिती त्यांनी स्वतः बोटीत बसून गोळा केलेली नाही, शे-दीडशे वर्षांच्या प्रवासवर्णनांतून, मिशनऱ्यांच्या कागदांतून वेचलेली आहे, म्हणजे एका ओळीत 1760 ची नदी आणि पुढच्याच ओळीत 1930 ची. नवे लोक इथेच फसतात, सगळं एकाच काळातलं समजून.

काठ या शब्दाबद्दल थोडं. उजवा काठ म्हणजे पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या हाताला येतो तो, नकाशावर उजवीकडे दिसतो तो नाही. हे माहीत असलं तरी घाईत चुकतं. ग्वापोरे वायव्येला वाहते, तिचा उजवा काठ ईशान्येचा म्हणजे ब्राझीलचा, डावा बोलिव्हियाचा. नोंदीत उजव्या काठाची उपनदी असं लिहिलेलं असेल तर अर्धा नकाशा तिथेच बाद झाला. आणि 'वरचा' 'खालचा' म्हणजे उगमाकडचा नि मुखाकडचा, उत्तर-दक्षिण नाही.

अंतर दिलं असेल तर तेही बघा पण सांभाळून. लीग म्हणजे लिहिणारा स्पॅनिश की पोर्तुगीज त्यावर साधारण साडेपाच ते साडेसहा किलोमीटर, तेही नदीच्या वळणावळणाने मोजलेलं, आणि बऱ्याचदा मोजलेलं नाहीच, वल्ही मारून हात दुखले त्यावरून ठरवलेलं. 'मुखापासून पाच दिवस' हे पावसाळ्यात वेगळं, उन्हाळ्यात वेगळं.

दुसरं, लिहिणारा कुठल्या भाषेचा? याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. कानाला एकच नाव ऐकू येतं पण कागदावर प्रत्येकाच्या शाळेप्रमाणे उतरतं. पोर्तुगीजमध्ये एक्स हे अक्षर बहुतेकदा श सारखं, म्हणून शिंगू एक्सने लिहितात, पण कार्ल फॉन देन श्टाइनन या जर्मन संशोधकाने 1884 च्या मोहिमेचं पुस्तक लिहिलं तेव्हा शीर्षकातच जर्मन पद्धतीने एस-सी-एचने शिंगू लिहिलं. तुम्ही एक्सने सर्च कराल तर ते पुस्तक हाताला लागणारच नाही. पोर्तुगीज जे म्हणजे झ, स्पॅनिश जे म्हणजे ख किंवा ह. त्यामुळे ब्राझीलची झावारी पेरूत यावारी होते आणि वायने लिहितात, झुरुआची युरुआ होते. जुन्या ब्राझिली पुस्तकांत वाय, एच, जोडअक्षरं यांची नुसती खैरात आहे, 1943 च्या सुधारणेनंतर ब्राझीलने ती साफ केली, म्हणून आजच्या झुताईला जुन्या कागदात शेवटी एच-वाय लागलेला दिसतो, तेफेला दोन एफ, मातो ग्रोसोला दोन टी. फ्रेंच माणूस 'उ'साठी ओ-यू लिहिणार, डच माणूस ओ-ई.

तुपी भाषांमध्ये एक स्वर आहे, इ आणि उ च्या मधला, ओठ न गोल करता घशाकडून काढायचा. पाणी किंवा नदी याला असलेला तुपी शब्द म्हणजे जवळपास हा एकटा स्वरच, त्यामुळे तो शेकडो नद्यांच्या नावात येतो, आणि युरोपियन माणसाला तो लिहिताच येत नाही. कुणी आय लिहितो, कुणी वाय, कुणी यू, कुणी आय-जी. इग्वासू, म्हणजे मोठं पाणी, या धबधब्याच्या नावातला सुरुवातीचा इ हा तोच स्वर. म्हणून शोधताना पहिलं अक्षर नि स्वर यांच्यावर विश्वास ठेवू नका, मधली व्यंजनं धरा.

आणि हस्ताक्षर! जुन्या जर्मन वळणात ई आणि एन हुबेहूब सारखे दिसतात, यू आणि एन तर कुणाच्याही हाताचे सारखेच. वहीतून टाइपरायटरवर, तिथून छापखान्यात, तिथून दुसऱ्याच्या पुस्तकात जाता जाता एक अक्षर उलटं होतं आणि जगात कुठेच नसलेली नदी जन्माला येते. माझा हिशोब असा आहे की नाव कुठेच सापडत नसेल तर आधी एन-यू, आर-एन आणि एम, सी-ई, एल-टी एवढ्या जोड्या उलटसुलट करून बघायच्या, मग पुढचं डोकं लावायचं.

तिसरं थोडक्यात. नावातला कुठला तुकडा नाव आहे आणि कुठला नुसता 'नदी' आहे ते वेगळं काढा. क्वेचुआत याकू म्हणजे पाणी, मायू म्हणजे नदी, याना काळं, पुका लाल, त्यामुळे यानायाकू पेरू-इक्वादोरमध्ये ढिगाने आहेत. तुपीत उना काळं, तिंगा पांढरं, पिरांगा लाल, मिरिम लहान, असू किंवा ग्वासू मोठं. चिली-अर्जेंटिनाकडे मापुचे भाषेत लेउफू म्हणजे नदी, कुरु म्हणजे काळं, पातागोनियातल्या रिओ नेग्रोचं मापुचे नाव कुरु लेउवू, स्पॅनिश नाव त्याचंच शब्दाला शब्द भाषांतर. तेव्हा अशी नावं सुटी वापरून कधीच पिन टोचू नका. आणि एक खास ॲमेझॉनचा सापळा: पराना हा शब्द. दक्षिणेत ती महानदी आहेच, पण ॲमेझॉनकाठी पराना म्हणजे बेटामुळे मुख्य पात्रापासून फुटलेला फाटा, साधं सामान्यनाम. कुणी एक फ्रेंच प्रवासी 'परानावर राहतात' लिहून गेला म्हणून तुम्ही साओ पाउलोच्या बाजूला पोचाल. इगारापे म्हणजे होडी जाईल एवढा ओढा, कोलंबिया-व्हेनेझुएलात कान्यो, पेरूत केब्रादा, गयानात क्रीक. आपल्याकडे कोकणात पऱ्ह्या म्हणतात तेवढंच, फक्त इथला पऱ्ह्या कधीकधी आपल्या नदीएवढा असतो.

चौथं, सीमा ओलांडली की नाव बदलतं. हे पाठच करून टाका, नेहमी लागतं. कोलंबियात काकेता तीच ब्राझीलमध्ये झापुरा. पुतुमायो तीच इसा. बोलिव्हियाची इतेनेस तीच ग्वापोरे. रिओ नेग्रोला वर, कासिक्यारे मिळायच्या आधी, ग्वाइनिया म्हणतात. फ्रेंच गयानातली मारोनी सुरिनामच्या बाजूने मारोवेन. खुद्द ॲमेझॉनचं तर विचारूच नका, मारान्योन आणि उकायाली एकत्र आल्या की पेरूचे लोक ॲमेझॉन म्हणतात, ब्राझीलमध्ये शिरली की ती सोलिमोइंस होते, आणि मनाउसजवळ रिओ नेग्रो मिळाली की परत ॲमेझॉन. जुने जेझुइट मिशनरी मात्र सगळ्यालाच मारान्योन म्हणायचे, सामुएल फ्रित्स यांचा कितोत 1707 साली छापलेला प्रसिद्ध नकाशा तसाच आहे. त्यामुळे अठराव्या शतकातल्या नोंदीत मारान्योन दिसली तर आजच्या पेरूतल्या मारान्योनवर उडी मारू नका. देशाच्या आतही दोन नावं चालतातच, झी-पराना आणि माशादो एकच नदी, तेलेस पिरेस आणि साओ मानुएल एकच नदी. चंद्रभागा आणि भीमा हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही, तिथल्यांना तिथलं लागत नाही, एवढाच फरक.

हे नुसतं हौशी लोकांचं दुखणं नाहीये बरं का. 1713 च्या उत्रेख्तच्या तहात पोर्तुगाल आणि फ्रान्सने सीमेची नदी म्हणून एक नाव लिहिलं, झापोक किंवा व्हिसेंते पिन्झोन, आणि पुढे जवळपास दोनशे वर्षं भांडण की ती नेमकी कुठली. ब्राझील म्हणायचा ओयापोक, फ्रान्स म्हणायचा खूप दक्षिणेची आराग्वारी. शेवटी 1900 च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडने लवाद म्हणून निकाल दिला, ब्राझीलच्या बाजूने, आणि आजचं आमापा राज्य ब्राझीलमध्ये राहिलं. दोन्ही बाजूंनी जुन्या नकाशांचे गठ्ठे लढवले होते, आपण करतो तेच काम, पण राज्य पणाला लावून.

पाचवं, नदी जागेवर असते पण माणसं नसतात. पानारा लोकांचं उदाहरण मी नेहमी देतो. 1973 साली त्यांच्याशी संपर्क झाला तेव्हा ते पेशोतो दि आझेवेदो नदीवर होते, ती तेलेस पिरेसला मिळते, म्हणजे तापाझोसचं खोरं. रस्ता आला, रोगराई आली, माणसं पटापट मेली, 1975 साली उरलेल्या 79 जणांना विमानाने आदिवासींसाठी राखलेल्या शिंगू पार्कात हलवलं. मग नव्वदच्या दशकात ते आपल्या जुन्या भागाच्या कडेला, इरीरी नदीच्या उगमाजवळ परत आले. वीस-बावीस वर्षांत तीन नद्या आणि तिन्ही नोंदी खऱ्या. रबराच्या तेजीच्या काळात, साधारण 1880 ते 1912, असं किती जमातींचं झालं असेल. म्हणून सालाचा कॉलम.

नद्यांची नावंही कागदावर बदलतात. ब्राझीलचे लष्करी अधिकारी कांदिदो रोन्दोन यांना 1909 साली एका नदीचा उगम सापडला आणि ती पुढे कुठे जाते ते कळेना म्हणून त्यांनी नावच ठेवलं रिओ दा दूव्हिदा, म्हणजे शंकेची नदी! 1914 साली ते आणि अमेरिकेचे माजी अध्यक्ष रूझवेल्ट तिच्यातून खाली आले, ती आरिप्वानाला मिळते हे नक्की झालं, आणि ती झाली रूझवेल्ट नदी. 1914 च्या आधीचा कागद असेल तर रूझवेल्ट शोधून उपयोग नाही.

धरणांमुळे खुणाही जातात. पराना नदीवरचे सेते केदास धबधबे 1982 साली इताइपू धरणाच्या पाण्याखाली गेले, 'धबधब्याच्या वर दोन दिवस' असं वाचून सॅटेलाइटवर शोधत बसाल तर दिसणार फक्त तलाव.

आता कुठे शोधायचं. ब्राझीलपुरतं तरी सगळ्यात आधी कुर्त निमुएन्दाझू यांचा नकाशा उघडा. जन्माने जर्मन, येना गावचे, आडनाव उन्केल, 1906 साली ग्वारानी लोकांनी निमुएन्दाझू हे नाव दिलं आणि तेच त्यांनी कायमचं घेतलं. चाळीस वर्षं जंगलात काढून 1940 च्या दशकात त्यांनी हाताने हा नकाशा तीनदा काढला, ब्राझीलच्या नकाशा खात्याने तो 1981 साली छापला, आज स्कॅन फुकट मिळतो. भाषाकुळाला रंग, आणि नावाशेजारी साल. जमात हलली असेल तर तेच नाव दोनतीन ठिकाणी वेगवेगळ्या सालांसह दिसतं, आणि मुख्य म्हणजे नद्या त्याच काळातल्या नावांनी काढल्यात. रिओ दि जानेरो शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयाला 2018 साली आग लागली त्यात भाषांचा संग्रह गेला, तेव्हा असे स्कॅन मिळाले की डाउनलोड करून ठेवा, उद्यावर ढकलू नका.

त्यानंतर अमेरिकन जिओग्राफिकल सोसायटीची दहा लाखास एक प्रमाणाची नकाशामाला, 107 शीट, 1945 पर्यंत पुरी झालेली, छोट्या नद्यांची जुनी नावं तिच्यात भरपूर. मग आजच्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप. त्याच्यावर ओव्हरपास टर्बो नावाचं टूल आहे, त्यात एक चौकोन आखायचा आणि संशयित अक्षरांच्या जागी टिंब टाकून त्या चौकोनातल्या सगळ्या नद्यांची नावं मागवायची. गूगल मॅप या कामाला अगदी शेवटी, कारण तो मोठी नदी आधी दाखवतो, आणि आपल्याला नेमकी छोटी हवी असते. ग्लॉटोलॉग या जगातल्या भाषांच्या ऑनलाइन सूचीवर भाषांचे कोऑर्डिनेट्स मिळतात पण तो एक ठिपका आहे, पुरावा नाही. ब्राझीलचं एत्नोलिंग्विस्तिका म्हणून स्थळ आहे, तिथे जुने लेख, शब्दयाद्या, पुस्तकं स्कॅन करून ठेवलीत, मूळ कागद बहुतेक वेळा तिथे मिळून जातो. आणि मूळ कागद बघाच. तिसऱ्या हाताने उतरवलेल्या नदीवर तासन् तास घालवण्यापेक्षा पहिल्या हाताचं पान दहा मिनिटांत निकाल लावतं.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. समजा नोंद आहे: जुरी, झापुरा आणि इसाच्या मधे, मृत भाषा. झापुरा म्हणजे काकेता, इसा म्हणजे पुतुमायो, तेव्हा कोलंबियाचे कागदही बघायला हवेत. कोलंबियात जुरीचं युरी होणार, वायने. ब्राझीलच्या बाजूचा साक्षीदार मार्तिउस, हा जर्मन 1819-20 ला झापुरावर होता, शब्दयादी त्याची आहे, आणि जाताना तो एक जुरी मुलगा म्युनिकला घेऊन गेला, तो तिथे लवकरच मेला, हेही त्याच प्रवासातलं. आता दोन मोठ्या नद्यांच्या मधे बघितलं तर एक मधली नदी दिसते, कोलंबियात पुरे, ब्राझीलमध्ये पुरुए, आणि ती झापुराला उजव्या काठाने मिळते. इथे हमखास घोटाळा होतो पुरुसशी, जी सोलिमोइंसच्या दक्षिणेची भलतीच मोठी नदी आहे. नाव एका अक्षराने वेगळं, संगम पूर्ण वेगळा. तर या पुरेच्या खोऱ्यात आजही बाहेरच्यांशी संबंध न ठेवणारे लोक राहतात, त्यांना काराबायो म्हणतात. 1969 साली त्यातलं एक कुटुंब ला पेद्रेरा गावात धरून ठेवलं होतं तेव्हा त्यांचे थोडे शब्द टिपले गेले, आणि 2014 साली दोन संशोधकांनी ते जुन्या जुरी याद्यांशी ताडून पाहिले तर नातं दिसलं. म्हणजे मृत म्हणून लिहिलेली भाषा बहुधा त्याच दोन नद्यांच्या मधे अजून बोलली जातेय.

संगमाचा नियम एका ठिकाणी मोडतो तेही सांगून टाकतो. कासिक्यारे ही ओरिनोकोतून फुटते आणि रिओ नेग्रोला जाऊन मिळते, म्हणजे दोन खोरी जोडते, 1800 साली जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्ट तिच्यातूनच गेला होता. त्या भागातल्या नोंदीत 'ओरिनोको खोरं' आणि 'ॲमेझॉन खोरं' दोन्ही एकाच गावासाठी आलं तर कुणी खोटं बोलतंय असं समजू नका.

सगळं करूनही नाही सापडली तर? तर पिन टोचायची नाही. मी शीटमध्ये तीनच शेरे ठेवलेत: पक्की, बहुतेक, आणि नाही. 'पक्की' कधी, तर संगम जुळला, काठ जुळला आणि किमान एक शेजारची जमात दुसऱ्या कागदात त्याच नदीवर निघाली तर. तिन्हीपैकी दोन जुळलं तर 'बहुतेक'. नुसतं नाव जुळलं तर 'नाही', कितीही मोह झाला तरी, आणि शेजारी कारण लिहायचं, कुठकुठल्या नद्या बघून बाद केल्या त्यासकट, म्हणजे सहा महिन्यांनी परत तीच चार पानं उघडायला नकोत. माझ्या शीटमध्ये सध्या रिओ वेर्दे नावाच्या चार ओळी अशा पिनशिवाय पडून आहेत, त्यातल्या दोन तर एकाच पानावरच्या आहेत.